प्रवासांतील चिमुकलीं चित्रें

प्रवास घडला म्हणजे देश पाहिला, असें आपण सहज म्हणतों; परंतु डोळे उघडे असूनही मनुष्य कांहीं एक पाहत नाहीं, याची जाणीव मला माझ्या आजीनें करून दिली.

आमचें बिऱ्हाड शहापुरास आणि आजी मुरबाडास काकांकडे. पक्षाघातामुळें ती अंथरुणास खिळलेली. दर शनिवारीं मी एस. टी.नें किन्हवली-सरळगांवावरून तिच्या भेटीस जाई. गेल्या पावसाळ्यांत एकदां तिनें विचारलें, "बाळ, वाटेंत काय काय पाहिलेंस?" मला उत्तर सुचेना, सारा रस्ता मी पेंगत आलों होतों. "अरे, मला पाहावयाचें आहे, पण जातां येत नाहीं, तूं जातोस, पण पाहत नाहींस," एवढेंच ती म्हणाली. ते शब्द माझ्या जिव्हारीं लागले.

पुढल्या खेपेस मी खिशांत बारा रंगीत पेन्सिली व पत्त्याच्या पानाएवढे जाड कागदाचे तुकडे घेऊन निघालों. आमचे चित्रकलेचे गुरुजी सांगत कीं, चित्राची थोरवी त्याच्या लांबीरुंदीवर नसते. रावबहादुर धुरंधरांसारख्या (१८६७–१९४४) नामांकित चित्रकारानेंही पोस्टकार्डांसाठीं चित्रें काढिलीं.

रंगीत पेन्सिलींत रंगद्रव्य मेणांत कालविलेलें असतें. त्यामुळें चुकलेली रेघ रबरानें पुरती पुसली जात नाहीं. म्हणून फिका रंग आधीं, गडद मागाहून. आणि पांढरें हवें तेथें कागद कोराच ठेवावयाचा. चालत्या गाडींत हात हालतो. तेव्हां नुसतें पाहावें, आणि थांब्यावर गाडी उभी राहिली कीं मनांतलें कागदावर उतरावें. एवढ्याशा जागेंत सारेंच मावत नाहीं. काय ठेवावें व काय सोडावें, हें आधीं ठरवावें लागतें.

अशा रीतीनें, १६३६ सालीं शहाजीराजांनीं जेथें मोंगल व आदिलशाही फौजांशीं शेवटचा सामना दिला तो माहुलीचा किल्ला, खाचरांत वांकलेल्या लावणीच्या बायका, काळू नदीचें गढूळ पाणी, अशीं चित्रें आजीच्या उशाशीं जमूं लागलीं. तिचें माहेर माहुलीच्या पायथ्याचें. ती बारकाईनें पाही आणि चुका काढी. "वजीर सुळका इतका जाड नव्हे रे!" "लोंब्या वांकल्या आहेत, मग शेत इतकें हिरवें कसें?"

एके दिवशीं ती म्हणाली, "माहेराहून येतांना वाटेंत एक मोठा वड लागे. त्याखालीं आम्ही बैलगाडी सोडीत असूं. त्याचें चित्र आण." किन्हवलीच्या पुढें उतरून मीं एका वृद्ध गृहस्थांस विचारलें. तो वड रस्ता रुंद करतांना तोडला गेला होता. जमिनीसरसा बुंधा तेवढा उरला होता.

दुसरा एखादा वड पाहून चित्र काढणें सोपें होतें. आजीला कळलेंही नसतें. पेन्सिल हातांत धरून मी बराच वेळ बसलों. इतके दिवस ती माझ्या डोळ्यांनीं पाहत होती. तेच डोळे खोटें बोलूं लागले, तर तिनें कोणावर विसंबावें? शेवटीं मीं तो बुंधाच काढला, आणि त्याच्या कडेस फुटलेला तांबूस, कोंवळा धुमाराही काढला.

आजीनें चित्र हातीं घेतलें. ती कितीतरी वेळ बोलली नाहीं. मग डोळे पुसून म्हणाली, "गेला म्हणायचा! बरें केलेंस, खरें दाखवलेंस." बाकीचीं चित्रें तिच्या समोरच्या भिंतीवर लाविलेलीं आहेत, तें एक मात्र तिनें उशाखालीं ठेविलें आहे.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, सुटींत प्रवासास निघतांना खिशांत चार रंगीत पेन्सिली असूं द्या. चित्र साधेल वा न साधेल. परंतु घरीं जें कोणी आपली वाट पाहत असेल, त्याला आपण खरोखर काय पाहिलें, हें तरी सांगतां येईल.