तीन चाकांची ओळख

जुन्या वस्तू ओळखण्याचा छंद म्हणजे विद्वत्ता मिरविण्याचाच एक प्रकार होय, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. ते आम्ही आजवर मान्य केले नव्हते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत नांदेडहून लातूरला भाच्याकडे गेलो असता, तेथील एका भंगाराच्या आवारात ते आम्हांला मान्य करावे लागले.

आवारात एक तीनचाकी मालगाडी पडली होती. पुढे एकच चाक, त्यावर लांब, फुगीर नाक आणि मागे गंजलेला हौदा. दुकानदाराचा माल घरोघर पोचविणाऱ्या तीनचाकीला फ्रान्समध्ये ‘त्रिपोर्तर’ म्हणतात. त्या विषयावरील एक सचित्र पुस्तक आम्ही नुकतेच वाचून संपविले होते. साहजिकच आमचे व्याख्यान सुरू झाले. जुन्या त्रिपोर्तरला बहुधा पुढे दोन चाके व त्यांच्यामध्ये पेटी असते. चालक मागे बसतो. तेव्हा ही ती नव्हे. परंतु ल्यों शहरी १९५० नंतरच्या काळात निघालेल्या ‘सोलितो’ला पुढे एकच चाक असे. सबब ही गाडी सोलितो!

शेजारी बसलेले वृद्ध मिस्त्री शांतपणे ऐकत होते. ते उठले आणि त्यांनी गाडीचे झाकण उघडले. दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या चाकाच्या डोक्यावरच बसविलेले होते. साखळीने तेच चाक फिरवायचे, आणि स्टिअरिंग वळले की चाकाबरोबर स्वतःही वळायचे, अशी त्याची रचना.

“सर, चाकासंगं ज्याचं इंजिन मान वळवतंय, ते हॅन्सीट. आपलं टेम्पो हाय की ओ हे!”

आम्ही ओशाळलो. ‘टेम्पो’ हे मूळ हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे नाव. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ कंपनी स्थापून ही गाडी या देशात आणली. पुढे माल वाहणाऱ्या प्रत्येक लहान गाडीला, मग तिला चाके चार का असेनात, आपण टेम्पो म्हणू लागलो. २००५ साली कंपनीनेही ते नाव टाकून ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले. लोकांच्या तोंडी नाव राहिले. ज्या गाडीमुळे ते आले, तिचे रूप मात्र विसरले गेले.

इतक्यात भाचा म्हणाला, “मामा, आई सांगते, तुम्ही सगळे असल्याच टेम्पोतून लातूरला आलात ना?”

आलो होतो खरे. १९८२ साली लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि वडिलांची तेथे बदली झाली. लोहा, अहमदपूर करीत आमचा अवघा संसार अशाच एका हौद्यातून आला. गाद्यांच्या गठ्ठ्यावर आम्ही भावंडे बसलो होतो. चढ आला की निळा धूर सुटे आणि वडील खाली उतरून चालू लागत. आजी पुढे बसली होती. गोदावरीच्या पाण्याने भरलेला तांब्या तिने दोन्ही हातांनी धरला होता. लातूर येईपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही. त्यानंतर नांदेड तिला पुन्हा दिसले नाही.

जी गाडी कधी पाहिली नाही ती आम्ही चित्रावरून ओळखायला निघालो होतो. जिच्यातून आमचे घर आले ती मात्र ओळखली नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी कापायची होती. आमच्या विनंतीवरून मिस्त्रींनी स्टिअरिंगला जोर लावला. गंजाचे पापुद्रे गळाले, चाक किंचित वळले, आणि त्याच्याबरोबर इंजिनानेही मान वळविली.