ओंजळभर पाणी आणि दहा वर्षांच्या तारखा

संकटाच्या पहिल्या दिवशी बहुतेक माणसे धीट असतात. शेजारीपाजारी धावून येतात, घोषणा होतात, अंगात बळ संचारते. खरी कसोटी लागते ती पुढे, गर्दी पांगल्यावर. ही गोष्ट ज्याला नीट उमजून घ्यायची असेल त्याने एकदा महाडला जावे आणि सवडीने जावे.

आमच्या वस्तीतले आम्ही पंधरा-सोळा जण असेच एका साध्या दिवशी महाडला जाऊन आलो. २० मार्चला तिथे जनसागर लोटतो, तळ्याच्या काठी पाय ठरत नाही. लेकरांना सगळे निवांतपणे दाखवावे म्हणून आम्ही मुद्दाम बिनगर्दीचा दिवस निवडला. सोबत म्हाताऱ्या होत्या, शाळकरी मुले होती आणि भाकरी-ठेच्याचे डबे होते. मुंबईहून एस.टी.ने पेण, माणगाव करीत निघाले की लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते. मुलांनी खिडकीतूनच हात जोडले. त्यानंतर येते दासगाव.

दासगाव हे सावित्री खाडीवरचे जुने बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने इथे उतरले आणि इथून पाच मैल पायी चालत महाडला गेले. आज तेवढे अंतर एस.टी. बोलता बोलता कापते. मानवी हक्काचा विचार या भागात त्याआधीच रुजला होता. अस्पृश्यतेविरुद्ध एकोणिसाव्या शतकातच लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढूळचे.

चवदार तळे गावाच्या अगदी मध्यवस्तीत आहे. दगडी पायऱ्या, भोवताली घरे, बाबासाहेबांचा पुतळा. पायरीवर बसून आम्ही मुलांना इतिहास सांगितला. आम्ही पडलो कारकून माणूस, म्हणून कागदापासून सुरुवात केली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तसा ठराव केला. ठराव झाला, फायलीला लागला आणि तिथेच राहिला. गावात आलेला अस्पृश्य तहानलेला तो तहानलेलाच! १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हाही परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते.

२० मार्चला बाबासाहेब तळ्याची पायरी उतरले, ओंजळीने पाणी प्याले आणि त्यांच्यामागे हजारो जण प्याले. हे आपल्या घराघरांत माहीत आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई त्यानंतर उठली आणि मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. किती तरी जणांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आपल्या लोकांत पलटणीतून निवृत्त झालेले गडी होते. एका शब्दाचा अवकाश होता, पण तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. हात आवरा, कायद्याने चला, असेच त्यांनी सांगितले. हल्ला करणाऱ्यांना पुढे कोर्टाने शिक्षा दिली. इकडे सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्याने तळे 'शुद्ध' केले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. ती भरण्याच्या आधीच, १२ डिसेंबर १९२७ रोजी, बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावण्यात आला. तळे स्पृश्यांचेच आहे, असा वादींचा दावा. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी नावे दिली होती, तुरुंगाची तयारी ठेवून ते आले होते. अशा पेटलेल्या जमावाला बाबासाहेबांनी थांबायला सांगितले. कोर्टात आपण लढू, आज पाण्याला हात लावायचा नाही. लोकांनी तळ्याला मिरवणुकीने वळसा घातला आणि कोरड्या ओंजळीने ते परत गेले. आमच्या मते, पाणी पिण्याला जेवढे धैर्य लागले त्याहून अधिक धैर्य त्या दिवशी न पिण्याला लागले.

त्याच परिषदेत त्यांनी स्त्रियांशी वेगळे बोलून नीटनेटके राहण्याचे, मुलींना शिकवण्याचे आवाहन केले. कोर्टाचा निकाल काही का लागेना, घरातला बदल उद्यापासून सुरू करता येतो, हे त्या मायमाउल्यांनी ओळखले.

मग सुरू झाल्या तारखा. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. ८ जून १९३१ रोजी दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला. वादी अपिलात गेले, १९३३ च्या जानेवारीत तिथेही हरले. ते हायकोर्टात गेले. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना पाणी न देण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही, या मुद्द्यांवर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले. तळ्याला ओंजळ लागल्यापासून बरोबर दहा वर्षांना तीन दिवस कमी!

या दहा वर्षांत काय काय झाले? काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. लंडनच्या गोलमेज परिषदा झाल्या. पुणे करार झाला. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. त्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली. देशाच्या राजकारणाचा भार ज्यांच्या खांद्यावर, त्या बाबासाहेबांनी कोकणातल्या एका तळ्याचा दावा मध्येच सोडून दिला नाही.

आमच्यातल्या एका सहावीतल्या मुलीने विचारले, "काका, पाणी प्यायला दहा वर्षं?" तिच्या आजीने परस्पर उत्तर दिले, "बाय, पाणी एका दिसात प्यालो. ते आपलं हाय, ह्ये कागदावर यायला धा वर्षं लागली." आम्हाला यात भर घालण्यासारखे काही उरले नाही.

सामाजिक काम करताना आमच्याकडे लोक कागद घेऊन येतात. कोणाची जमीन दाबलेली, कोणाच्या मुलाची शिष्यवृत्ती अडलेली, कोणा विधवेचे पेन्शन रखडलेले. पहिल्या दिवशी दहा माणसे सोबत असतात. दुसऱ्या तारखेला दोन. तिसऱ्या तारखेला खुद्द अर्जदारच येत नाही. "जाऊ द्या साहेब, आपल्या नशिबात नाही," असे म्हणतो. मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, समोरचा बाबू पुढची तारीख देतो. हे आम्हाला दिसते. परंतु अन्याय करणारा नेमका याच थकव्यावर विसंबून असतो. म्हणून अर्जाची प्रत जपून ठेवावी, आवक क्रमांक लिहून घ्यावा, तारीख चुकवू नये. समोरच्याने डिवचले तरी हात उचलू नये. शेजाऱ्याच्या तारखेला आपण एक दिवस सोबत जावे. खंबीर राहणे म्हणतात ते हेच.

परतीच्या आधी आम्ही क्रांतिस्तंभाला अभिवादन केले. मुलांनी वहीत दोन तारखा लिहून घेतल्या. २० मार्च आपण सारेच पाळतो, आणि तो पाळलाच पाहिजे. त्याच्या तीन दिवस आधी येणारा १७ मार्चही घरोघरी मुलांना सांगितला जावा. ज्या घरात एखादा दावा, एखादा अर्ज वर्षानुवर्षे चालू आहे, त्या घरात तर अवश्य.

जय भीम!