पसरणीच्या घाटात घासलेट

पुण्याहून महाबळेश्वरला जाण्याची खरी मजा सुरू होते ती सुरूरला हायवे सोडल्यावर. तोपर्यंत नुसते ट्रक, टोल आणि खंबाटकी. सुरूरहून आत वळलं की पंधरा-वीस मिनिटांत वाई. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, आणि हो, मराठी विश्वकोशाचं ऑफिसही याच गावात! वाई संपता संपता पसरणीचा घाट लागतो. एकेक वळण घेत वर चढायचं, खाली धोम धरणाचं पाणी चमकत असतं, आणि खिडकीतून येणारी हवा हळूहळू गार व्हायला लागते. वीकेंडसाठी यापेक्षा आणखी काय पाहिजे?

आमच्या खिडक्या मात्र बंद होत्या. नवीकोरी गाडी, नवाकोरा एसी. तो चालू ठेवायचा नाही तर मग घेतला कशाला? मी चालवत होते, बाबा शेजारी, आई मागे. निघताना कोथरूडच्या पंपावर टाकी फुल्ल केली होती. ऑटो कट झाल्यावर पंपावरच्या मुलानं नेहमीप्रमाणे विचारलं, ‘‘मॅडम, राउंड फिगर करू?’’ मीही नेहमीप्रमाणे ‘‘कर’’ म्हटलं.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर आई म्हणाली, ‘‘घासलेटचा वास येतोय गं.’’

बाबा म्हणाले, ‘‘घाट लागलाय तुला. आवळा सुपारी खा.’’ आईला घाट लागतो हे आमच्या घरात सिद्ध झालेलं सत्य आहे. मीही जोरात श्वास घेऊन बघितला. काहीच नाही. नव्या गाडीला नव्या गाडीचा वास येतो, तेवढाच. पाचगणीला टेबललँडच्या खाली थांबलो तेव्हा आईचा चेहरा पांढरा पडला होता. डोकं धरून ती गाडीपासून लांब जाऊन उभी राहिली. शेजारच्या गाडीतला एक जण आमच्या मागच्या चाकाजवळ उभा राहून मजेत सिगरेट ओढत होता. ते दृश्य आज आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हा मात्र माझं लक्ष वेफर्सच्या पाकिटाकडे होतं. पुण्यात घेतलेलं पाकीट पाचगणीत फुग्यासारखं टम्म फुगलं होतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा फुगते. शाळेत शिकलेलं आठवलं म्हणून मी खूश! तीच गोष्ट मागच्या सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीतही चालू असणार, हे काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटानं प्रतापगडला गेलो. हा घाट पसरणीपेक्षा अवघड. वळणं अशी की समोरून एसटी आली तर मनातल्या मनात देवाचं नाव घ्यावं. मागे आई होती. आणि आई चक्क मजेत होती! गडाखाली तिनं कांदाभजीची दुसरी प्लेट मागवली. तीच आई, तीच सीट, घाट कालच्याहून भारी, आणि मळमळ नाही. बाबा म्हणाले, ‘‘सवय झाली.’’ माझी नजर पेट्रोलच्या काट्यावर गेली. काटा पाऊण टाकीच्या खाली आला होता.

पुण्यात आल्यावर सर्व्हिस सेंटर गाठलं. गाडी अडीच महिन्यांची, वॉरंटी शाबूत. म्हटलं, होऊन जाईल काम. अ‍ॅडव्हायझरनं माझं बोलणं ऐकता ऐकता बाबांकडे बघून विचारलं, ‘‘सर, गाडी तुम्हीच चालवता ना?’’ बाबांना लायसन्सही नाही! गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी कागदावर एक ओळ लिहून परत दिली: तपासणी केली, दोष आढळला नाही. अर्थातच आढळला नाही. टाकी पाव भरलेली, चक्कर मारली ती सर्व्हिस सेंटरच्या मागच्या सपाट रस्त्यावर, आणि मागच्या सीटवर कोणी नव्हतं.

दुसऱ्या खेपेला नवीन उत्तर मिळालं: ‘‘मॅडम, ओव्हरफिल करताय तुम्ही. हे वॉरंटीत बसत नाही.’’ राग आला, पण घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की त्यात अर्धं तथ्य आहे. टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ मोकळ्या हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. वाफ त्या कोळशात मुरते आणि इंजिन चालू असताना ओढली जाऊन जळते. ऑटो कटनंतर राउंड फिगर करत राहिलं तर वाफेच्या जागी खरंखुरं पेट्रोल त्या डब्यात शिरू शकतं. मग डबा भिजतो आणि वास येतो. म्हणजे माझी सवय वाईट होती, हे कबूल. पण म्हणून दोष तिथेच आहे हे न बघता कसं ठरवलं? कॅनिस्टर उघडून दाखवा म्हटलं तर साहेब चहाला गेले.

मग ठरवलं, आता आपणच सिद्ध करायचं. प्रयोगशाळा म्हणून निवडला सिंहगड. पुणेकराला तेवढाच एक डोंगर पटकन आठवतो, दुसरं काय? गोळेवाडीचा नाका सोडला की रस्ता सरळ चढालाच लागतो. पहिल्या रविवारी अर्धी टाकी. आई मागे, खिडक्या बंद, एसीची हवा आतल्या आत फिरणारी. वरपर्यंत काही नाही. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, दोघी खूश. दुसऱ्या रविवारी टाकी फुल्ल, पण ऑटो कटला थांबवली. एक रुपयाही राउंड केला नाही. तोच रस्ता, तीच वेळ, तीच आई. अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला, ‘‘आलं घासलेट.’’

गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चारही दारं उघडली आणि दोघी लांब जाऊन उभ्या राहिलो. पाच मिनिटांनी मी परत येऊन मागच्या सीटवर वाकले आणि मलाही तो वास आला, चांगला झणझणीत. मग इतके दिवस मला का येत नव्हता? एक तर सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांत सरावतं. दुसरं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. मी पुढे एसीच्या झोतात, आई टाकीच्या डोक्यावर. आणि हवेत जेमतेम दीड टक्का वाफ झाली तरी ठिणगीनं पेट घेऊ शकते. थंडीनंही ती तयार व्हायची थांबत नाही, उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. तरी तासभर खिडक्या लावून आईला त्यात बसवलं होतं, आणि वर आवळा सुपारी दिली होती!

त्या दिवशी दगडावर बसून पंपाच्या बिलाच्या मागे सगळं लिहिलं. तारीख, किलोमीटर, काटा कुठे, वास कुठून. एसीच्या जाळीतून आला असता तर संशय इंजिनकडच्या नळ्यांवर. मागून आणि खालून आला, म्हणजे टाकीकडे. झाकण पुसून, घट्ट लावून बघितलं होतं, फरक नव्हता. ऑफिसातला एक मित्र ‘ई-ट्वेंटीमुळे असेल’ म्हणून ठामपणे सांगत होता. पण इथेनॉल काही काटा बघून वास सोडत नाही.

तिसऱ्या खेपेला टाकी भरूनच गेले. तक्रार तोंडी सांगितली नाही. जॉब कार्डवर माझ्या शब्दांत लिहायला लावली: ‘फुल्ल टाकी, चढ, मागच्या सीटखालून पेट्रोलचा वास, दोनदा आला.’ खाली सही केली, कॉपी घेतली. या कागदाचा उपयोग असा की वॉरंटी उद्या संपली तरी तक्रार मुदतीत केल्याचा पुरावा राहतो. सदोष गाड्या कंपन्यांना परत बोलवायला लावण्याचा सरकारी नियमही १ एप्रिल २०२१ पासून आहे, हे मी सहज बोलता बोलता सांगून टाकलं. अ‍ॅडव्हायझरनं या वेळी बाबांना शोधलं नाही.

आत एक वयस्कर मेकॅनिक होते, सगळे त्यांना काका म्हणत होते. त्यांनी बिलामागचं वाचलं, एकच प्रश्न विचारला, ‘‘अर्ध्या टाकीला नाही ना येत?’’ मी नाही म्हटलं. त्यांनी मागची सीट उचलली, खालचं गोल झाकण काढलं आणि नुसतं बोट दाखवलं. पेट्रोलचा पंप टाकीच्या माथ्यावर जिथे बसतो तिथे भोवती ओलसर, मळकट कडं होतं. पंपाखालची रबरी रिंग बसवतानाच दुमडली गेली होती. अर्ध्या टाकीत पेट्रोल तिथवर पोचतच नाही. भरलेल्या टाकीत, चढाला, हेलकाव्यानं ते रिंगेपर्यंत येतं आणि वाफेचा दाब त्याला वाट करून देतो. फुगलेलं वेफर्सचं पाकीट, पण कोपऱ्यात टाचणीएवढं भोक असलेलं!

रिंग बदलायला तासही लागला नाही. बिल शून्य. काकांनी कॅनिस्टरही काढून बघितला, तो कोरडा होता. तरी जाताना म्हणाले, ‘‘ताई, ते राउंड फिगर सोडा मात्र.’’

जानेवारीत परत महाबळेश्वरला गेलो. स्ट्रॉबेरीचा सीझन, त्यामुळे वाईपासूनच गाड्यांची रांग. टाकी फुल्ल, ऑटो कटला थांबवलेली. पसरणीच्या चौथ्या वळणावर मी आरशात बघितलं आणि हळूच विचारलं, ‘‘आई, काही वास?’’ उत्तर नाही. आई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. बाबांनी मात्र खिशातून आवळा सुपारी काढली. या वेळी त्यांना घाट लागला होता.