नाकारलेलं दान

यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, कारण उत्तर माझ्याजवळ तयार होतं. माझं एक मूत्रपिंड मी देणार होते. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पत्नी जवळची नातेवाईक धरली जाते, आमचा रक्तगटही जुळत होता. आम्ही नगरचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. दुसऱ्यासाठी स्वतःला द्यावं हे संडेस्कूलपासून कानावर पडलेलं. देवाने मला याच कामासाठी राखून ठेवलंय, असं वाटून मी अगदी निवांत झोपत असे.

तपासण्यांत माझ्याच रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचं घेता येणार नाही." दुसरं कुणी देणारं नव्हतं. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी यादीत नाव घातलं आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास.

डायलिसिस आधी स्वयंपाकघरात शिरतं. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. नारळपाणी बंद, मीठ चिमटीत, पाणी मापाने. एप्रिल-मेच्या उन्हात हे जिभेवर बर्फाचा खडा धरून बसायचे, आणि त्यांच्यासमोर ग्लासभर पाणी पिणं मला जड जायचं. डाव्या मनगटाजवळ धमनी शिरेला जोडून फिस्टुला केलेला. त्यावर बोट टेकवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थांबली म्हणजे रक्त गोठलं, लगेच दवाखाना गाठायचा. रोज रात्री दिवा मालवण्याआधी मी तिथं बोट ठेवायची, थरथर लागली की पांघरूण ओढायची.

प्रार्थना मात्र होईना. मंडळीतली माणसं भेटायला यायची, डबे आणायची. "विश्वास ढळू देऊ नका," म्हणायची. "यातही देवाची योजना असेल." बोलणं मायेचंच होतं, पण ते ऐकल्यावर मला बोलायला काही उरत नसे. मी देवाला माझ्या शरीराचा तुकडा देऊ केला होता आणि त्याने तो घेतला नव्हता. हे कुणाला सांगायचं?

एकदा मशीनवर पडल्या-पडल्या हे म्हणाले, "अगं, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच ना." स्तोत्रसंहितेतली बरीचशी विलापगीतं शेवटाकडे स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. रात्रंदिवस हाका मारणारा तो माणूस शेवटी अंधारातच उभा असतो. मी वाचता वाचता थांबले, कारण पुढे ओळच नव्हती. हे म्हणाले, "बघ, हेही शास्त्रातच आहे. आणि पहिल्या ओळीत तो देवाला काय म्हणून हाक मारतो? तारणारा म्हणून." मशीनचा पंप फिरत होता, नळीतून यांचं रक्त जात होतं, आणि मी कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलले. भांडलेच म्हणा ना.

पंडिता रमाबाईंची आठवण त्याच काळात पुन्हा झाली. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, लग्नानंतर थोड्याच काळात पती गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती धर्म तेव्हा सापडला आणि ख्रिस्त स्वतः सापडायला आणखी आठेक वर्षं लागली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या बायबलचं भाषांतर करत राहिल्या. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरीही करत राहिल्या. रमाबाईंसारख्या बाईलाही इतकी वर्षं लागली, म्हटल्यावर मला धीर आला.

आणि एका रात्री, मनगटावर बोट असतानाच, माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, हे तुझे आहेत. माझ्याजवळ द्यायला काही नाही." त्याआधी मी जे जे मागितलं होतं, त्याच्यामागे माझं दान उभं असायचं. त्या रात्री हात रिकामे होते. झोप लगेच लागली असं नाही. पण दुसऱ्या दिवशी मशीनजवळच्या स्टुलावर बसले ती यांची बायको म्हणून. त्यांना वाचवण्याचा भार ख्रिस्ताने वधस्तंभावर आधीच उचललाय, तो मी पुन्हा उचलायचा नव्हता. आम्ही पुन्हा गप्पा मारू लागलो, मुलीच्या दहावीबद्दल भांडूही लागलो.

यांचा हात आता सुयांनी गाठाळलाय. मुलीने विचारलं, "पुनरुत्थानात हे जाईल ना?" हे म्हणाले, "येशू उठला तेव्हा त्याच्या हातांवरचे व्रण होतेच की. थोमाला दाखवले त्याने." ही आशा मला पुरते. शरीर दुखलं त्याची खूण राहील, आणि तरी ते जिवंत असेल, असं मी मनापासून मानते.

मागच्या वर्षी उपासनेत साक्ष द्यायला आम्ही दोघं उभे राहिलो. हे म्हणाले, "मी बरा झालो नाही. यादीत नाव आहे. प्रभू माझ्याबरोबर आहे." मंडळी गप्प झाली. उपासना सुटल्यावर एक म्हातारी बाई माझा हात धरून म्हणाली, "माझा पोरगा गेला तेव्हापासून मी साक्षीला उठले नाही गं. मला वाटायचं, बऱ्या झालेल्यांनीच उठायचं असतं." पुढच्या महिन्यात ती उठली. आता आमच्या घरच्या प्रार्थनासभेत आधी एक विलापस्तोत्र वाचतात, मग ज्यांचं मागणं पुरं झालं नाही ते बोलतात. सभा गुरुवारी ठेवलीय, कारण बुधवारी आणि शुक्रवारी यांचं डायलिसिस असतं.