तळ्याकाठच्या भुताला दोन प्रश्न

भुताची कादंबरी कुठं बसून वाचावी? पांघरुणात शिरून, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. सोलापूरकरांच्या घरी ते पांघरूण म्हणजे सोलापुरी चादर, हे ओघानंच आलं! पण आज दुसरी जागा सुचवतो. सुट्टीच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, पुस्तक घ्या, आईबाबांना घ्या आणि सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याच्या काठी चला.

जागा अगदी रहस्यकथेला शोभेल अशी आहे. तळ्यात सिद्धेश्वराचं मंदिर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन हे तळं खोदलं, असं परंपरा सांगते. आणि तळ्याला खेटून उभा आहे बहामनी काळातला भुईकोट किल्ला. बुरूज, खंदक, तटाच्या लांबलचक सावल्या... लेखकाला आणखी काय हवं? संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत इथं पाऊल ठेवायला जागा नसते. एरवी अंधार पडू लागला, की हाच परिसर कसा गप्प गप्प होतो.

सोलापुरात भुतालाही तीन भाषा येतात, बरं का! मराठी घरात ते 'भूत', कानडी घरात 'देव्व' आणि तेलुगू घरात 'दय्यम'. नावं तीन, पण ऐकताना येणारा काटा एकच.

तर आता पुस्तक उघडा. नारायण धारपांचं असेल, रत्नाकर मतकरींची गूढकथा असेल, नाहीतर शेरलॉक होम्सची १९०२ साली पुस्तकरूपात आलेली ती प्रसिद्ध कादंबरी असेल. दलदलीच्या ओसाड मुलखात रात्री एक भयंकर कुत्रा हिंडतो, तीच. लोक म्हणतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शाप! होम्स मात्र वाकून जमिनीवरचे ठसे बघतो. पुढं काय होतं ते इथं सांगणार नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांची मजा कशाला घालवा?

होम्सची ती सवय मात्र आपण उसनी घेऊ. पुस्तकातल्या तळ्यावर पांढरी आकृती तरंगताना दिसली, की विचारायचं, 'याचं कारण काय?' थंडीच्या पहाटे हवा गार आणि पाणी त्या मानानं उबदार असतं. पाण्याची वाफ वर येते, थंड हवेत तिचं धुकं होतं आणि वाऱ्याबरोबर ते सरकतं. झाली आकृती! पाण्यातून कुणीतरी श्वास सोडल्यासारखे बुडबुडे येतात? तळाच्या गाळात पालापाचोळा कुजतो, त्यातून वायू निघतो. पडक्या भिंतीतून किंकाळी ऐकू येते? ते गव्हाणी घुबड असू शकतं. त्याचं तोंड पांढरं, ओरडणं कर्कश आणि खाणं म्हणजे उंदीर. शेतकऱ्याचा तो मित्रच की! आणि पलीकडच्या काठावरची कुजबुज अगदी कानाशी आली तर? उन्हाळ्याच्या संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम असते. अशा वेळी आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि दूरवर पोचतो.

काय, भूत पळालं ना? थांबा. अजून दुसरा प्रश्न राहिला आहे आणि तो जास्त अवघड आहे.

या किल्ल्याबद्दल एक जुनी दंतकथा सांगतात. बांधकाम चालू असताना एक बुरूज म्हणे सारखा खचायचा. मग कुणीतरी सांगितलं, बळी द्या. आणि एका निरपराध बाईला तिथं पुरलं. अशा कथा महाराष्ट्रातल्या इतर किल्ल्यांबद्दलही ऐकायला मिळतात. ही घडलेली गोष्ट आहे, असा पुरावा नाही. पण घटकाभर आपण ती एखाद्या कादंबरीसारखी वाचू.

पहिला प्रश्न : बुरूज खचण्याचं कारण काय असेल? सोलापूरकडची काळी माती तुम्ही पाहिली असेलच. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की भेगाळते. शेजारी तळं, खाली ओली माती, त्यावर मणामणाचे दगड. पाया खोल नसेल, तर भिंत कलणारच. त्यावर इलाज पाया खोल घेण्याचा, बळी देण्याचा नव्हे.

दुसरा प्रश्न : अन्याय कुणावर झाला? कथा सांगणारे बुरुजाबद्दल रंगवून सांगतात. त्या बाईला काय वाटलं असेल, ते कुणी विचारत नाही. तिला बोलायला मिळालं असतं तर? चांगल्या भयकथेत भूत येतं ते पुष्कळदा याचसाठी. ते आपल्याला खायला आलेलं नसतं. त्याची दाद कुणी घेतलेली नसते, म्हणून ते येतं.

आणि दंतकथेत सुद्धा बाईचा जीव भुतानं घेतला नाही. घाबरलेल्या माणसांनी घेतला. 'असं का होतंय?' हे शोधायचं सोडून 'कुणाला बळी द्यायचं?' असं त्यांनी विचारलं. पुस्तकातली भीती शेवटचं पान उलटलं की संपते. पण अशी बिनविचाराची भीती गावात शिरली, तर एखाद्या गरीब बाईला चेटकीण ठरवते, आजारी पोराला डॉक्टरऐवजी मांत्रिकाकडं नेते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो उगीच नाही.

म्हणून भुताच्या कादंबऱ्या खुशाल वाचा. मनसोक्त घाबरा. फक्त पुस्तकात खूण म्हणून जी चिठ्ठी ठेवाल, तिच्यावर दोन ओळी लिहून ठेवा : 'कारण काय?' आणि 'अन्याय कुणावर झाला?' पुढचं भूत भेटलं, की आधी त्याला हे दोन प्रश्न विचारा. बघा, ते काय उत्तर देतं!