मिनिमम बॅलन्स

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला जगात जिकडेतिकडे खातीच दिसतात, त्याला माझा इलाज नाही. आमच्या मेव्हण्यांच्या जुन्या जिप्सीतही मला खाते दिसले, आणि तेही तिच्या पुढच्या चाकांत!

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते, हा तिचा लौकिक. (चारही चाकांचा खर्च मात्र एकाच खिशातून जातो.) मेव्हण्यांच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. घाट उतरताना ब्रेक दाबला की पेडल तापकरी माणसासारखे थरथरे.

"डिस्क वाकडी झालीय, भावजी. लेथवर घासून घेऊ, स्वस्तात काम!" मेव्हणे म्हणाले. पुढच्या रविवारी सासूबाईंना आणि पोरांना घेऊन ते महाबळेश्वरला निघणार होते.

मिस्त्रींनी चाक उतरवले, मायक्रोमीटर लावला. "साहेब, वाकडी कुठली? एका जागी जाड, एका जागी पातळ. म्हणून पॅड नाचतात." मग डिस्कवर कोरलेला बारीक आकडा दाखवला. तो किमान जाडीचा. आता घासायला गेले, तर डिस्क त्याच्या खाली जाणार.

म्हणजे मिनिमम बॅलन्स! मी एकदम खुर्चीत बसल्यासारखा बोललो, "विड्रॉवल मिळणार नाही."

"पण चालतेय ना?" मेव्हणे.

मिस्त्री म्हणाले, "सपाटीला चालेल. पातळ डिस्क घाटात लवकर तापते. ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, दोन वर्षांत बदललं नाही तर त्यातलं पाणी उकळतं. मग पेडल सरळ खाली जातं."

मेव्हण्यांचा चेहरा पडला. तरी त्यांनी विचारले, "एकच डिस्क बदलली तर?"

हे जॉइंट खाते आहे, आणि इथे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' चालत नाही, हे मला सांगावे लागले. दोन्ही डिस्क आल्या, दोन्हीकडचे पॅड आले. मिस्त्रींनी हबवरचा गंज खरवडला, कॅलिपरच्या जाम पिना साफ करून त्यांना ग्रीस लावले आणि नट समोरासमोरचे, सारख्या जोराने आवळले. वेडेवाकडे आवळले की नवी डिस्कही थरथरू लागते म्हणे.

रविवारी मंडळी खालच्या गिअरमध्ये घाट उतरून सुखरूप आली. जुनी डिस्क सासूबाईंनी दुधाच्या पातेल्यावर ठेवली आहे. मांजराला ती अजून चोख ब्रेक लावते.