मुंग्या येणारा कूलर

दहावीच्या वर्गाला घरगुती वीजजोडणीचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. तीन पिनांचा प्लग फळ्यावर काढला, परीक्षेत त्यावर प्रश्नही विचारले. आणि त्याच काळात रामबागेतल्या आमच्या घरी कूलरला दोन पिनांचा प्लग होता, तोही मी स्वतः बसवलेला. घर जुने, बोर्डावर दोनच छिद्रांचे सॉकेट. नव्या कूलरचा तीन पिनांचा प्लग त्यात बसेना, म्हणून मी तो कापून टाकला, हिरवी वायर मागे दुमडून तिच्यावर टेप गुंडाळली आणि दोन पिनांचा प्लग लावला. कूलर उत्तम चालला. हवा द्यायला त्याला हिरव्या वायरीची गरज नसतेच, आणि आपली फसगत नेमकी तिथेच होते.

२०१४ च्या उन्हाळ्यात आई म्हणू लागली, "अरे, कूलरला हात लावला की मुंग्या येतात."

"चालू असताना लावतेस का?"

"छे! बंद केल्याशिवाय मी हातच लावत नाही. आणि रोज नाही येत, एखाद्या दिवशीच येतात."

दुसऱ्या दिवशी मी कूलर बंद करून स्वतः हात लावला (असे कोणीही करू नये). काही झाले नाही. बंद कूलरमधून करंट येईलच कसा? वयोमानाने हाताला मुंग्या येत असतील, असे म्हणून मी विषय संपवला. विज्ञानाच्या शिक्षकाने निरीक्षण असे झटकून टाकावे, याची आजही लाज वाटते.

इंदुरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, हे तुम्हाला सांगायला नको. नळाच्या दिवशी घरात एकच धांदल. त्या बोर्डावरच टुल्लू पंपही लागायचा (हा पंप थेट नळाला लावणे नियमात बसत नाही, हे कबूल). म्हणजे कूलरचा प्लग काढायचा, पिंप भरले की परत खोचायचा. अशाच एका सकाळी आईने कूलरचे बटण बंद केले आणि बादलीने टाकी भरायला घेतली. फरशी ओली होती आणि आई अनवाणी. टाकीच्या पत्र्याला हात लागला मात्र, ती मागे फेकली गेली. मनगट मोडले.

आमच्या सौ. तिला उचलायला धावल्या, तेव्हा मी "थांब, हात लावू नकोस!" असे ओरडून आधी मेन स्विच पाडला. आई पत्र्यापासून सुटली होती म्हणून निभावले. हात चिकटून राहिलेल्या माणसाला पकडले की पकडणाराही अडकतो. मेन स्विच सापडत नसेल तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या लाकडानेच त्याला दूर करायचे, लगेच १०८ ला फोन लावायचा आणि श्वास चालत नसेल तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहायचे.

आईच्या हाताला प्लास्टर घालून घरी आलो आणि त्या बोर्डापुढे बसलो. बंद कूलरने धक्का दिला कसा?

उत्तर दोन पिनांतच होते. हा प्लग उलटासुलटा कसाही खोचता येतो. सुलटा असला तर कूलरचे बटण फेजच्या वायरीत येते. बंद केले की आतला पंप फेजपासून तुटतो. उलटा खोचला की तेच बटण न्यूट्रलच्या वायरीत जाते. बंद केल्यावर परतीची वाट तुटते, पंप थांबतो, पण त्याच्या गुंडाळीपर्यंत २३० व्होल्ट पोहोचलेलेच असतात. आमच्या पंपाचे इन्सुलेशन पाण्यात राहून खराब झाले होते आणि तिथून वीज ओल्या पत्र्यावर उतरत होती. "एखाद्या दिवशीच येतात" हे आईचे वाक्य अगदी अचूक होते. ज्या दिवशी प्लग उलटा, त्या दिवशी मुंग्या. मी तपासले तेव्हा तो सुलटा असणार.

वर्गात ही हकिकत सांगितली की हमखास प्रश्न येतो, "सर, फ्यूज का नाही उडाला?" चला, हिशेब करू. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपियर. फ्यूज ५ अँपियरचा. त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकीही धारा नाही. तो वितळेल कशाला? पण माणसाच्या छातीतून ०.०५ अँपियर सेकंदभर गेली तरी हृदयाची लय बिघडू शकते. फ्यूज काय किंवा एम.सी.बी. काय, ती वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी हिरवी वायर असते, जी मी टेपखाली गाडली होती. पत्रा तिने जमिनीशी जोडलेला असता तर पंप बिघडल्याबरोबर मोठी धारा तिच्यातून गेली असती, फ्यूज उडाला असता आणि आई फक्त "कूलर का चालत नाही?" म्हणाली असती.

मग मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, "साहब, न्यूट्रल से जोड़ देता हूँ, अर्थिंग हो जाएगी." बऱ्याच घरांत हेच केलेले असते. पालकांनी हे कधीही करू देऊ नये. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर उपकरणाचा पत्रा थेट फेजवर येतो.

शेवटी अंगणात खड्डा खणून पट्टी, कोळसा, मीठ असे रीतसर अर्थिंग केले. मिस्त्रीने फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला, तो खूश. पण त्या बल्बचा स्वतःचाच रोध ५२९ ओहम असतो. अर्थिंगचा ५० ओहम असला तरी त्याला २१० व्होल्ट मिळतात आणि फरक डोळ्यांना फारसा कळत नाही. बिघाड झाला तर मात्र या ५० ओहमांतून ४.६ अँपियरच जाणार, म्हणजे फ्यूज शाबूत आणि पत्रा जिवंत. म्हणून अर्थिंग मीटरने मोजून घ्यावे. माळव्याची काळी माती मे महिन्यात वाळून भेगाळते, तिचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते.

त्याच वेळी ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. बसवला. फेजने गेलेली धारा न्यूट्रलने परत येते का, यावर तो लक्ष ठेवतो; ०.०३ अँपियर वाटेत गळाली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर मात्र त्याला काही कळत नाही. त्याच्यावर तपासणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. विश्वस्त मंडळींनी शाळेच्या वॉटर कूलरच्या बाबतीतही हे एखाद्याकडे सोपवावे, ही विनंती.

आता मुलांना सुट्टीचा अभ्यास. घरातली पत्र्याची उपकरणे पाहा: कूलर, इस्त्री, गीझर, फ्रिज. कोणाचा प्लग दोन पिनांचा आहे, कुठे तिसऱ्या छिद्रात काडी खुपसून काम भागवले आहे, कुठे नुसत्या वायरी काड्यांनी खोचल्या आहेत, ते वहीत लिहा. मोबाइलच्या चार्जरला दोन पिना चालतात. त्यावर चौकोनात चौकोन छापलेला असतो, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. फक्त डोळ्यांनी पाहायचे, हात लावायचा नाही, काही उघडायचे नाही. आणि घरात कोणी "मुंग्या येतात" म्हणाले, तर तेही तारखेसकट लिहून आणा.

आमच्याकडे त्या खड्ड्याला पाणी घालण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले. तुळशीला एक तांब्या आणि मग अर्थिंगला अर्धी बादली, असा क्रम ठरून गेला. कूलरचा प्लग आता तीन पिनांचा आहे. तरीही पाणी भरण्याआधी तिने तो काढून हातात धरून मला दाखवला नाही, असे एकदाही झाले नाही.